मुखवटा आणि कोठी : घरातल्या अर्ध्या मूर्तींचे वय कसे ओळखावे

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठागौरींचे आवाहन होते, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. सण एकच असला तरी देवीचे रूप प्रांताप्रांतात आणि घराघरांत बदलते. कोठे पाणवठ्यावरून आणलेले खडे हीच गौर असते, कोठे तेरड्याची रोपे, कोठे मडक्यांच्या उतरंडीवर ठेवलेला मुखवटा. विदर्भात या देवतांना ‘महालक्ष्म्या’ म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी, पुढे त्यांची बाळे, वर फुलोरा, समोर पुरणावरणाचा, सोळा भाज्यांचा आणि आंबिलीचा नैवेद्य. विदर्भातून भिलाईला आलेल्या मराठी घरांनी हाच प्रकार सोबत आणला आणि सेक्टरांमधील क्वार्टरांत तो साठ-पासष्ट वर्षे सांभाळला.

दरवर्षी डोळ्यांसमोर असूनही एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. नऊवारी किंवा सहावारी नेसवलेली, दागिन्यांनी मढवलेली ही उभी मूर्ती प्रत्यक्षात गळ्यापर्यंतच असते. फार तर जोडीला दोन सुटे हात असतात. साडीच्या निऱ्यांआड धान्याची कोठी, डबा किंवा लोखंडी स्टँड उभा असतो. देवीचे शरीर म्हणजे घरातलेच एक भांडे. कोठीत गहू, तांदूळ भरण्याची जी रीत आहे, तिचा अर्थही येथेच लागतो : लक्ष्मी धान्यावर उभी असते, नव्हे धान्याचीच बनलेली असते.

‘हे मुखवटे किती जुने?’ या प्रश्नाला बहुतेक घरांत तयार उत्तर असते. ‘पणजीच्या वेळचे’, ‘शंभर-दीडशे वर्षांचे’. या उत्तरात खोटेपणा नसतो, पण कौटुंबिक स्मृती वर्षे मोजत नाही, माणसे मोजते. ज्या आजीने लहानपणापासून मुखवटे पाहिले तिला ते अनादी वाटतात आणि तिच्या तोंडून ऐकणाऱ्या नातवाला त्याहून अधिक. लेखी पुरावा जवळजवळ कोणत्याच घरी नसतो. असा पुरावा नसलेल्या वस्तूचे वय ठरवायचे असेल तर साक्ष वस्तूकडूनच काढावी लागते. ती कशी काढतात याचे उत्तम उदाहरण देव्हाऱ्याच्या जवळपासही न फिरकणाऱ्या एका वस्तूचे आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत युरोप-अमेरिकेतील घरांत चिनी मातीच्या अर्ध्या बाहुल्यांची मोठी आवड होती. इंग्रजीत त्यांना ‘हाफ डॉल’ म्हणत. डोके, खांदे, हात आणि कंबर एवढाच भाग पोर्सलीनचा. त्याखाली कापडी घेर शिवलेला. हा घेर म्हणजे कधी चहाची किटली गरम ठेवणारी टीकोझी, कधी टाचण्यांची उशी, कधी पावडरच्या डब्याचे झाकण, कधी दिव्याची शेड. कमरेच्या कडेला लहान भोके ठेवलेली असत. त्यांतून दोरा ओवून बाहुली कापडाला शिवीत. या बाहुल्या मुख्यतः जर्मनीत, विशेषतः थुरिंगिया आणि बव्हेरियातील कारखान्यांत बनत. पासाउ येथील ‘ड्रेसेल, किस्टर’ आणि ओएस्लाऊचे ‘गोबेल’ ही त्यांतील नामांकित नावे. पुढे जपाननेही स्वस्त प्रती बाजारात आणल्या.

आज संग्राहक अशी बाहुली हाती आली की प्रथम ती उलटी करतात. चेहरा नंतर पाहतात. कमरेच्या आतल्या किंवा मागच्या कडेवर साच्याचा क्रमांक कोरलेला असतो, क्वचित कारखान्याचे चिन्ह असते; मुकुटाखाली गुंफलेली दोन अक्षरे हे गोबेलचे चिन्ह प्रसिद्ध आहे. त्याहून उपयोगी असते देशाचे नाव. ब्रिटनने १८८७ मध्ये आणि हिंदुस्थान सरकारने १८८९ मध्ये मालावरील खुणांविषयी कायदे केले. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव आवश्यक ठरले. त्यामुळे ‘जर्मनी’ असा शिक्का असलेली वस्तू बहुधा त्यानंतरची. जपानी माल अमेरिकेत १९२१ पर्यंत ‘निप्पॉन’ नावाने जाई, पुढे ‘जपान’ नावाने. ‘ऑक्युपाइड जपान’ असे लिहिलेली वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या काळातली, म्हणजे १९५२ पूर्वीची. ‘वेस्ट जर्मनी’ हे शब्द १९४९ आधीच्या वस्तूवर असूच शकत नाहीत, कारण तोवर त्या नावाचे राष्ट्रच नव्हते.

चिन्ह नसेल तर घडणीकडे वळावे लागते. हात अंगाला चिकटलेले असतील तर सारी बाहुली एका साच्यातून निघालेली, म्हणून स्वस्त. हात शरीरापासून सुटून हवेत पसरलेले असतील तर ते वेगळ्या साच्यात करून जोडलेले. काम वेळखाऊ, मोडण्याची भीती जास्त, किंमतही जास्त. बोटे सुटी आहेत की नुसत्या रेघांनी दाखवली आहेत, भुवई एका झटक्यात ओढली आहे की बारीक केसांनी रंगवली आहे, यावरूनही कारखान्याची प्रत कळते. मात्र वेशभूषेवर विश्वास ठेवून चालत नाही. उंच पांढऱ्या केशरचनेची, अठराव्या शतकातील फ्रेंच दरबाराची आठवण करून देणारी बाहुली प्रत्यक्षात १९१० किंवा १९२० च्या सुमारास घडलेली असते. जुने रूप तेव्हाही विकले जात होते. याउलट आखूड कापलेल्या केसांची, तेव्हाच्या ताज्या फॅशनची बाहुली आपला काळ प्रामाणिकपणे सांगते. शिवाय बाहुली आणि तिचा घेर यांचे वय एकच असेल असे नाही. कापड कुजते, चहाचे डाग पडतात, गृहिणी नवा घेर शिवते. म्हणून दोन्हींचा निवाडा वेगवेगळा करायचा असतो.

आपल्याकडेही जर्मन पोर्सलीन येत होते आणि ते थेट देवघराच्या दारापर्यंत पोचले होते. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत चित्रांनी घरोघरच्या भिंती भरल्या. त्याच रूपांवर बेतलेल्या देवदेवतांच्या चिनी मातीच्या मूर्ती जर्मनीत बनून विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात विकल्या जात. गौरीपुढच्या आराशीतल्या खेळण्यांत अशी एखादी जुनी चिनी मातीची मूर्ती किंवा बाहुली असेल, तर तिचा तळ अवश्य पाहावा. वर सांगितलेल्या खुणा तेथे जशाच्या तशा लागू पडतात.

महालक्ष्मीच्या मुखवट्यावर मात्र देशाचे नाव नसते, साच्याचा क्रमांक नसतो. तरीही त्या परदेशी बाहुलीकडून घेण्यासारखे तीन धडे आहेत : वस्तू उलटी करून पाहणे, रूपावरून वय न ठरवणे आणि वरचा व खालचा भाग वेगळा मोजणे.

मुखवटा उलटा केला की आधी धातू आणि घडण दिसते. पितळी मुखवटे तीन रीतींनी होतात. पहिली ओतीव. मेणाचा नमुना करून त्यावर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत रस ओतायचा. बस्तरच्या घडवा कारागिरांची ढोकरा कला छत्तीसगडमध्ये राहणाऱ्यांना परिचित आहे, तत्त्व तेच. या रीतीत साचा प्रत्येक वेळी फोडावा लागतो, त्यामुळे जोडीतल्या दोन मुखवट्यांत थोडा फरक राहतोच. एकीची हनुवटी अंमळ रुंद, दुसरीचे नाक किंचित वाकडे. आतली बाजू खडबडीत असते, जाडी एकसारखी नसते, वजन हाताला जाणवते. वाळूच्या साच्यातही ओतकाम होते. तेथे एकाच नमुन्यावरून अनेक प्रती निघतात, पण कडेला घासलेली शिवण बहुधा सापडते. दुसरी रीत ठोकीव. पत्रा राळेवर ठेवून आतून-बाहेरून ठोकत चेहरा उठवायचा. असा मुखवटा हलका असतो आणि आतून हातोडीचे लहान लहान ठसे दिसतात. तिसरी रीत यंत्राच्या दाबाने ठशात पत्रा बसवण्याची. येथे दोन्ही मुखवटे जुळ्या बहिणींसारखे, पत्रा सर्वत्र सारखा, कडा गोल दुमडलेली. यंत्राने दाबलेला मुखवटा ‘दीडशे वर्षांचा’ असण्याची शक्यता नाहीच म्हणावी लागेल. पण ओतीव मुखवटा जुनाच असेल असेही नाही, कारण ओतारी आजही ओततात. विदर्भात भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे आणि धातूकामाची ही परंपरा तेथे दीर्घकाळ चालत आली आहे. घडणीची रीत ‘याच्या आधीचा नाही’ हे सांगू शकते. ‘इतक्या वर्षांचा आहे’ हे सांगत नाही.

मातीच्या मुखवट्यांचे शास्त्र निराळे. शाडूचा मुखवटा वजनाला भारी, आतून करडा-मातकट. प्लास्टर ऑफ पॅरिसचा आतून पांढराफटक, कडा तुटली तर खडूसारखी भुकटी. कागदाच्या लगद्याचा मुखवटा हातात घेताच इतका हलका लागतो की शंका उरत नाही. कागदाचे थर चिकटवून केलेला असेल तर आतल्या बाजूला छापील अक्षरे वाचता येतात. अशी अक्षरे हे घबाडच समजावे. वर्तमानपत्राचे नाव, एखादी जाहिरात, वस्तूचा भाव यांवरून मुखवटा कोणत्या वर्षाआधीचा नाही हे निश्चित होते. फायबरचे मुखवटे हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतले किंवा त्यानंतरचे. नागपुरातील महाल भागातल्या चितारओळीसारख्या ठिकाणी जुने मातीचे मुखवटे पुन्हा रंगवूनही मिळतात, म्हणून वरचा रंग नवा दिसला तरी आतली माती जुनी असू शकते. रंगाचा टवका उडालेल्या जागी भिंगाने पाहिल्यास एकाखाली एक असे थर मोजता येतात.

झीज हा पुरावा सर्वांत बोलका आणि सर्वांत फसवा. चिंच आणि राखेने वर्षानुवर्षे घासलेल्या पितळेचे नाक, गाल व कपाळ गुळगुळीत होते. कानामागचा आणि मानेखालचा भाग मात्र तीक्ष्ण राहतो. नथीचे आणि कर्णफुलांचे भोक पाहावे. तार शंभर वेळा ओवली की भोक खालच्या बाजूला लांबट होते. पण ही झीज वर्षातून तीन दिवसांची असते, हे विसरू नये. रोज पूजेतल्या टाकाची चाळीस वर्षांत होणारी झीज महालक्ष्मीच्या मुखवट्यावर शतकातही होणार नाही. उलट काळपटपणा म्हणजे जुनेपणा, ही तर शुद्ध गैरसमजूत. दमट माळ्यावर दोन पावसाळे काढले की नवे पितळही म्हातारे दिसते.

आता कोठीकडे यावे. भिलाईच्या दृष्टीने इतिहास खरा येथे आहे.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या धमनभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा दुर्ग आणि नागपूर एकाच मध्य प्रदेश राज्यात होते आणि नागपूर त्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशात राहिले, आणि २००० साली त्याच तारखेला छत्तीसगड झाले. हावडा-मुंबई लोहमार्गाने गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग असे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर; पण घरातल्या सणांना मध्येच एक राज्यसीमा लागली. नोकरीसाठी आलेले तरुण आरंभी सणाला गावी जात. पुढे संसार येथेच रुजले, थोरल्या भावाच्या घरच्या महालक्ष्म्या धाकट्याकडे आल्या किंवा धाकट्याने वडीलधाऱ्यांच्या संमतीने नव्या मांडल्या. मुखवटे ट्रंकेत येऊ शकत होते. वाड्यातली कमरेएवढी कोठी येऊ शकत नव्हती आणि आली असती तरी क्वार्टरच्या खोलीत मावली नसती. म्हणून पुष्कळ घरांत मुखवटा गावचा आणि शरीर भिलाईचे, अशी मूर्ती उभी राहिली.

हे ‘शरीर’ कशाचे आहे यावरून घराच्या स्थलांतराचा काळ काढता येतो. रॉकेलचा किंवा तुपाचा पत्र्याचा डबा असेल तर त्यावरील छाप वाचावा. ‘बर्मा-शेल’ हे कंपनीचे नाव १९२८ ते १९७६ या काळातले. ‘डालडा’ १९३७ पासूनचा. वजन पौंडात की किलोग्रॅममध्ये, हेही पाहावे. दशमान वजने-मापे देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. स्टेनलेस स्टीलची कोठी बहुधा १९६०-७० नंतरची. (भिलाईत रूळ होतात, जाड पत्रे होतात, घरातल्या डब्यांचे स्टेनलेस स्टील येथले नव्हे. पोलादनगरीत राहूनही कोठी बाहेरूनच विकत आणावी लागली.) लोखंडी सळ्यांचा स्टँड असेल तर जोड पाहावेत : रिव्हेट आहे, नटबोल्ट आहे की वेल्डिंग. कारखान्याच्या गावात वेल्डिंग जाणणारे हात दुर्मीळ नव्हते, आणि घडी घालून पलंगाखाली सरकवता येणारा स्टँड क्वार्टरला सोयीचा होता.

याखेरीज मराठी घरांची एक सवय इतिहासाच्या फार उपयोगाची आहे. आपण भांड्यांवर नावे घालतो. कोठीच्या झाकणावर, नैवेद्याच्या ताटावर, समईच्या बुडाशी देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि पुष्कळदा तारीखही असते. छिन्नी-हातोडीने टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे जुनी. विजेच्या यंत्राने घातलेली, सलग थरथरत्या रेघेची अक्षरे अलीकडची. मोडी लिपी असेल तर वस्तू बहुधा विसाव्या शतकाच्या मध्याआधीची. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत : शके १८५२ म्हणजे इ. स. १९३०-३१. फक्त एक लक्षात ठेवावे की नाव नंतरही घालता येते. आजीचे भांडे नातीच्या लग्नात दिले गेले की त्यावर नातीचे नाव आणि नातीच्या लग्नाची तारीख येते.

एक कल्पित उदाहरण घेऊन हे सारे एकत्र लावून पाहता येईल. समजा, एका घरात ओतीव पितळेचा एक मुखवटा आहे, दुसरा यंत्राने दाबलेला; ओतीव मुखवट्याच्या नथीचे भोक लांबट झालेले, दुसऱ्याचे गोल. खाली एकीस ‘बर्मा-शेल’चा डबा, दुसरीस स्टीलची कोठी आणि कोठीच्या झाकणावर यंत्राने कोरलेले १९७४. घरची आठवण सांगते की ‘जोडी दीडशे वर्षांची आहे’. वस्तू सांगतात की जुनी जोडी कधीतरी फुटली. वाटणीत म्हणा, चोरीत म्हणा, एक मुखवटा गेला. उरलेल्या मुखवट्याला नंतर सोबतीण आणली. डबा आधीचा, कोठी नंतरची. मधल्या काळात घराची ऐपत वाढली. कोणी मुद्दाम लपवलेली ही हकीकत नव्हे. ती सांगणारे माणूस गेले आणि वस्तू उरल्या, एवढेच. तिच्यातली वाटणीची जखम कदाचित विसरण्यासारखीच असेल. पण आपल्या घरात एक मुखवटा एकटा उरला होता आणि त्याला टाकून न देता जोडीण शोधली गेली, हे त्या घरच्या मुलांना ठाऊक असायला हवे.

हे जाणून घ्यायला फार दिवस हाती नाहीत. पहिल्या पिढीने सेवानिवृत्तीनंतर क्वार्टरे सोडली. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी आहेत. जड पितळी मुखवटे मोडीत देऊन हलके, रंगवलेले, सुबक मुखवटे घेण्याकडे कल आहे आणि त्यात धर्मदृष्ट्या वावगे काही नाही. पण मोडीत धातूचे वजन होते. आतल्या हातोडीच्या ठशांचे, लांबट झालेल्या भोकाचे आणि बुडाच्या कोरीव नावाचे होत नाही. भिलाईतील मराठी वस्तीचा इतिहास सांगणारी दफ्तरे थोडी आहेत. कारखान्याच्या कागदांत कामगाराचा क्रमांक मिळेल. त्याच्या घरी भाद्रपदात काय मांडले जात होते, हे मिळणार नाही.

नोंद करायला फारसे काही लागत नाही. विसर्जनानंतर मुखवटे पुसून ठेवण्याआधी समोरून, बाजूने आणि आतून अशी छायाचित्रे दिवसाच्या उजेडात घ्यावीत. शेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे माप कळते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्हींचे वजन वेगवेगळे करावे. कोठी, डबे, हात, बाळे यांची स्वतंत्र नोंद घ्यावी. कोरीव अक्षरे वाचता येत नसतील तर घासून उजळू नयेत. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरवावी, अक्षरे उमटतात. मातीचा मुखवटा पाण्याने तपासू नये. घरातल्या सर्वांत वडील व्यक्तीला ‘किती जुने?’ असे न विचारता ‘तुम्ही प्रथम पाहिले तेव्हा कोणाच्या घरी, कोणत्या गावी, खाली काय होते?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला आकडा मिळतो, दुसऱ्याला माहिती. हे सारे एका कागदावर शाईने लिहून, खाली तारीख घालून तो कागद मुखवट्यांच्या डब्यात सुती कापडाच्या घडीत ठेवावा. मुखवट्याला आतून चिकटवू नये. डिंकाला कसर लागते आणि पितळेवर हिरवा डाग पडतो.